कुंडम ऐकू येईल असं घर

बाबांसाठी घर शोधत होते तेव्हा मी प्रत्येक दलालाला आधी एकच गोष्ट विचारायची: पूर्वेला गॅलरी आहे का? त्यांना वाटायचं, मराठी माणसं, वास्तू बघत असतील. एकानं तर विचारलंच, "सूरज को जल चढ़ाएँगे, दीदी?" मी हो म्हणून टाकलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं मला पुढचं घर दाखवायला नेलं नसतं. बाबांना घर कसंही चालणार होतं, फक्त तिथून कुंडम ऐकू यायला हवं होतं.

कुंडम म्हणजे जबलपूरच्या पूर्वेला, जंगलाच्या तोंडाशी असलेलं तहसिलीचं गाव. तिथे बाबांचे मित्र राहतात. ते वनखात्यात वायरलेसवर होते, बाबा टेलिफोन खात्यात. दोघांनाही हौशी रेडिओचा नाद. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात संच मांडायचा, छपरावर अँटेनाचा खांब उभा करायचा आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्यांशी बोलायचं, असा तो नाद. मी कॉलेजात असल्यापासून बघतेय, रोज दिवेलागणीला बाबा संचासमोर बसायचे आणि कुंडमहून हाक यायची. मी त्या मित्राला चाचाजी म्हणते. त्या दोघांच्या प्रत्यक्ष भेटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या असतील, पण आईपेक्षाही बाबा त्यांच्याशी जास्त बोलले असं आई म्हणायची आणि ते खोटं नव्हतं.

"मग फोन काय झाला?" असं लोक विचारतात. मीही विचारलं होतं. उत्तर मला एकदा समोरच बघायला मिळालं. रेडिओवर एकानं बोलायचं, मनातलं सगळं बोलून व्हायचं, मग "ओवर" म्हणून बटण सोडायचं आणि दुसऱ्यानं सुरू करायचं. मधे तोंड घालायची सोयच नाही. फोनवर मात्र दोघं एकदम बोलायचे, मग दोघं एकदम थांबायचे, "आप बोलिए", "नहीं नहीं, आप", आणि शेवटी तब्येत विचारून ओशाळून फोन ठेवून द्यायचे. आयुष्यभर एकमेकांचं पूर्ण ऐकून घेण्याची सवय लागलेल्या माणसांना फोन जमत नाही.

मला परवाना नाही. परीक्षेला बसायचं बसायचं म्हणता कॉलेजात वाणिज्य शिकवण्यात केस पिकले. बाबांनी माझ्यासाठी एक स्कॅनर आणून दिला होता. हातात मावणारं, फक्त ऐकायचं यंत्र. ते एकेक फ्रिक्वेन्सी चाळत जातं आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतं. बोलायचं बटण त्याला नाहीच. "तुझ्यासारखीला हेच बरं," बाबा म्हणाले होते. "नाहीतर तू कुणाला ओवर म्हणू देणार नाहीस."

कुठवर ऐकू येतं आणि कुठे येत नाही, हे मी पुस्तकातून नाही, त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर शिकले. माझी समजूत अशी होती की संच जेवढ्या ताकदीचा तेवढं मोठं एक वर्तुळ, त्याच्या आत सगळीकडे ऐकू येणार. मी नकाशावर कंपासनं तसं वर्तुळ काढलंही होतं. बाबांनी ते बघितलं आणि रविवारी मला बरगीला घेऊन गेले. धरणाच्या भिंतीवर उभं राहिलो तर शहरातले एक गृहस्थ अगदी शेजारी बसल्यासारखे ऐकू येत होते. तिथून खाली, कोळ्यांच्या नावा लागतात त्या काठावर उतरलो, तर नुसती खरखर. अंतर तेवढंच, माणूस तोच, संच तोच.

"काय झालं सांग," बाबा म्हणाले.

"मधे टेकाड आलं."

"हं. या लहरींना डोळे असतात असं समज. जे दिसतं तिथवर जातात, थोडं वाकून बघतात, त्याच्यापुढे नाही. ताकद नंतर. आधी उंची."

मग महिनाभर आम्ही फिरलो. कुठल्या गल्लीत येतं, कुठल्या नाक्यावर तुटतं, कुठल्या पुलावर पुन्हा येतं, ते सगळं बाबा नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं टिपायचे. शेवटी जो आकार झाला तो कुत्र्यानं तोडलेल्या पोळीसारखा दिसत होता. आतमध्ये भोकं, कडेला लांबच लांब जिभा. कुंडमकडे गेलेली जीभ सगळ्यांत लांब होती, कारण आमचं तेव्हाचं घर मदनमहालच्या टेकडीच्या उतारावर होतं आणि चाचाजींनी तिकडे सागाचा भलामोठा खांब उभा केला होता. वाटेत जंगल होतंच. पावसाळ्यात झाडांची पानं ओली झाली की ती आवाज पितात, असं बाबा सांगायचे, आणि खरंच त्या महिन्यांत चाचाजींचा आवाज पातळ व्हायचा.

या सगळ्या शिकवणुकीत एक गोष्ट बाबांनी माझ्याकडून घोकून घेतली होती. तो आपल्याला ऐकू येतो म्हणजे आपण त्याला ऐकू जातो असं नाही. वर्गात मास्तर ओरडतो ते मागच्या बाकावर ऐकू येतं, पण मागच्या बाकावरचं पोर पुटपुटलं तर मास्तरांना जातं का? ज्याचा संच दांडगा आणि खांब उंच, तो लांबवर पोहोचतो. त्याला उलट उत्तर देणाऱ्याचा जीव तेवढा नसेल तर ते वाटेतच विरतं. नुसतं ऐकणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण त्याला उत्तर द्यायचंच नसतं.

आणखी एक, रिपोर्ट. बोलणं सुरू झालं की आधी एकमेकांना सांगायचं, तुम्ही कसे ऐकू येताय. दोन आकडे असतात. पहिला स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. यात बाबा फार निष्ठुर होते. आवाज किंचित दबका असला की ते आपल्या जिवलग मित्रालाही "चार-पाँच" म्हणून मोकळे व्हायचे, आणि चाचाजीही त्यांना तसंच उत्तर द्यायचे. खोटा रिपोर्ट देणं म्हणजे आंधळ्याला चुकीचा रस्ता सांगणं, असं त्यांचं म्हणणं. घरातही तेच. आईनं वरण कसं झालंय विचारलं की म्हणायचे, "चार-सात." आई म्हणायची, "उद्यापासून कुंडमलाच जेवायला जा."

आई गेली. मग बाबा जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ते बरं झालं पण वॉकर सुटला नाही, आणि उतारावरचं ते घर म्हणजे नुसत्या पायऱ्या. लिफ्टचं घर घ्यावं लागणार हे उघड होतं. बाबांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "जिथं नेशील तिथं येतो. कुंडम ऐकू आलं पाहिजे."

म्हणून मी पर्समध्ये स्कॅनर घेऊन घरं बघत फिरले. दलाल मॉड्युलर किचन दाखवायचा आणि मी गॅलरीत जाऊन कानाला यंत्र लावायची. चाचाजींना आधी फोन करून ठेवायची, ते बिचारे सांगितलेल्या वेळी संचावर बसून बोलत राहायचे. एका घरात काहीच आलं नाही. एकात आलं, पण समोर नवी इमारत उठत होती. शेवटी महाराजपूरला एका नव्या कॉलनीत वरच्या मजल्यावर घर सापडलं. पूर्वेला मोकळी शेतं, त्यापलीकडे झाडांची निळी रेघ. बाबांना घेऊन गेले. वॉकर टेकवत ते थेट गॅलरीत गेले. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं नाही, नळाला पाणी येतं का बघितलं नाही. मी स्कॅनर लावला आणि चाचाजींचा आवाज खणखणीत आला, "बड़े भैया, आप खड़े हैं कि बैठे हैं? बैठ जाइए."

बाबांचे डोळे भरून आले. "हेच घर," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, पण इथून तुमचं बोलणं पोचेल नं तिकडे?"

"काहून नाही पोचणार? छतावर खांब लावू. ऐकू येऊन राहिलं नं, मग झालं."

दलाल म्हणाला, "छत तो सबकी है, अंकल. जो लगाना है लगाइए." आणि ऐकू येतं म्हणजे ऐकू जातं असं नाही, हे ज्या माणसानं मला घोकायला लावलं होतं, त्यानं त्या संध्याकाळी घराला होकार दिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण मला तेव्हा हसू आलं नाही आणि आजही येत नाही. इतका आनंद झाला की माणूस आपलंच शिकवलेलं विसरतो, एवढंच मला त्यातून समजलं.

छत सगळ्यांचं होतं, म्हणूनच ते आमचं नव्हतं. सोसायटीच्या बैठकीत खांबाचा विषय निघाला तेव्हा कुणी म्हणालं वीज पडेल, कुणी म्हणालं किरणं निघतात, पोरांना बाधेल. बाबांनी परवाना दाखवला, समजावून सांगितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मी संतापले होते. बाबा म्हणाले, "त्यांचं घर आहे, घाबरणारच."

मग मोठा संच गॅलरीतच लावून बघितला. पहिल्याच संध्याकाळी खालून चौकीदाराचा फोन, "दीदी, इंटरकॉम में कोई कुंडम-कुंडम बोल रहा है." बाबा बोलले की सगळ्या इमारतीच्या इंटरकॉममधून त्यांचा आवाज निघत होता. चौथ्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की हा कुठला पाठ चाललाय. तोही संच बंद करावा लागला. उरला तो हातातला छोटा संच, वीतभर दांडीचा.

त्यावरून बाबांनी हाक दिली. चाचाजी स्वच्छ ऐकू येत होते. ते म्हणत होते, "बड़े भैया, आप बोल रहे हैं क्या? इधर कुछ नहीं आ रहा. ओवर." बाबा पुन्हा बोलले. मोठ्यानं बोलले, जणू ओरडल्यानं पोचेल. चाचाजी पुन्हा म्हणाले, "कुछ नहीं आ रहा." असं किती तरी वेळा झालं. मग बाबांनी संच मांडीवर ठेवला.

"मागचा बाक," ते म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चाचाजींना फोन केला. वाटलं होतं, आता संपलं हे. पण चाचाजी म्हणाले, "इसमें क्या है, बिटिया. उनको तो आ रहा है न? मैं रोज़ बोलूँगा. जगह छोड़-छोड़ के बोलूँगा."

त्यांनी ते तसंच केलं. रोज दिवेलागणीला हाक यायची. "कैसा आ रहा हूँ, बड़े भैया? ओवर." मग शांतता. बाबांना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढी ती शांतता असायची, कमी नाही. मग चाचाजी पुढे बोलायचे, महुआची फुलं कशी पडलीत, रस्त्यावर हरणं आली होती, सुनेला बाळ होणार आहे. पुन्हा "ओवर", पुन्हा शांतता. आणि बाबा त्या प्रत्येक शांततेत छोट्या संचाचं बटण दाबून पूर्ण उत्तर द्यायचे. रिपोर्ट द्यायचे, हवा सांगायचे, माझ्या तक्रारी करायचे. पोचत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलंच, "बाबा, काहून बोलून राहिले तुम्ही? तिकडे काही जात नाही."

"त्यानं जागा ठेवली आहे," बाबा म्हणाले. "ती रिकामी कशी सोडू?"

असे महिने गेले. बाबा खंगत चालले होते. हिवाळ्यात एक दिवस ते म्हणाले, "एकदा त्याच्या कानावर माझा आवाज पडला पाहिजे. एकदाच. मग काही नाही मागणार." कुंडम सोडून त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांना रोजच्या हाकेच्या वेळी गाडीत घालून मदनमहालच्या टेकडीवर नेलं, गाडी जाईल तिथवर. शाल गुंडाळली, काच खाली केली, छोटा संच हातात दिला. आठवडाभर ते काय बोलायचं ते ठरवत होते, झोपेतही पुटपुटायचे. शहर खाली पसरलं होतं आणि पूर्वेला धुकं होतं. बाबांनी बटण दाबून हाक दिली. थोडा वेळ काही नाही. मग चाचाजींचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता.

"बड़े भैया! आ रहे हैं आप! आ रहे हैं! बोलिए. ओवर."

बाबांनी बटण दाबलं. ठरवलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. शेवटी ते म्हणाले, "आपका सिग्नल पाँच-नौ. मेरा रिपोर्ट दीजिए. ओवर."

"पाँच-नौ, बड़े भैया," चाचाजी म्हणाले. "पूरा पाँच-नौ. ओवर."

यापलीकडे त्या दिवशी दोघं फारसं काही बोलले नाहीत. टेकडी उतरताना बाबा काचेबाहेर बघत होते. खाली चौकात आल्यावर म्हणाले, "खोटं बोलला तो."

"काहून?"

"या एवढ्याशा संचाचं तिथं पाच-नऊ होतच नाही. दोन-तीन असेल फार तर. अर्धे शब्द गळले असतील." मग म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला त्यानं." आणि हसले. पडल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मला मात्र रडू येत होतं आणि गाडी चालवायची होती.

होळी झाल्यावर बाबा गेले. घरीच, दुपारी, झोपेत. सगळ्यांना कळवून झाल्यावर मी चाचाजींना फोन लावला. सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आज शाम को बोलूँ?"

मी म्हटलं, "चाचाजी, आता कुणासाठी?"

"मेरे लिए इधर क्या बदला, बिटिया?" ते म्हणाले. "घर बदला तब से मुझे तो कुछ आता ही नहीं था. भरोसे पे बोलता था कि उधर बैठे होंगे. वो भरोसा अभी गया नहीं है. एक दिन में कैसे चला जाएगा?"

परवाना माणसाबरोबर संपतो. दोन्ही संच मी शहरातल्या हौशी मंडळींकडे रीतसर देऊन टाकले. माझ्याकडे स्कॅनर राहिला, बोलायचं बटण नसलेला. पहिले काही दिवस मी तो लावलाच नाही. ऐकलं तर फुटेन असं वाटायचं. मग एका संध्याकाळी, दिवा लावल्यावर हात आपोआप तिकडे गेला. चाचाजी बाबांनाच हाक देत होते. शांतता ठेवत होते. सुनेला मुलगी झाली होती, ते सांगत होते. तेव्हापासून मी रोज लावते.

परवा पाऊस लागून राहिला होता. तिकडची झाडं भिजून चिंब झाली असणार. आवाज इतका पातळ आला की खरखरीतून शब्द वेचावे लागत होते. मधले बरेचसे मला कळलेच नाहीत. शेवटचं तेवढं ओळखू आलं, कारण ते रोजचंच होतं. "कैसा आ रहा हूँ, बड़े भैया? ओवर."

मग त्यांनी जागा ठेवली. बाहेर पावसाचा आवाज होता आणि समोर बाबांची रिकामी खुर्ची. स्कॅनर मी दोन्ही हातांत धरला होता. त्यातून माझं काहीही कुठे जाणार नव्हतं.

"पाँच-नौ, चाचाजी," मी मोठ्यानं म्हटलं. "पूरा पाँच-नौ. ओवर."

थोड्या वेळानं ते पुढे बोलू लागले.